मांस कोठले, आंबा कोठला : रसायनशास्त्राची साक्ष

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा मजकूर)



बाजारात आलेली वस्तू कोणत्या गावची आहे हे विक्रेता सांगतो आणि गिऱ्हाईक मानते. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत यात फारसे काही बिघडत नाही. मांसाच्या बाबतीत मात्र बिघडू शकते. जिवंत जनावराला रंग असतो, शिंगे असतात, कानात बिल्ला असतो, बाजाराची पावती असते. सुरी फिरल्यानंतर यांपैकी काहीच उरत नाही. टोपलीतील मांसाचा तुकडा बोलत नाही आणि त्याच्या वतीने बोलणारा मनुष्य बहुधा त्याच तुकड्यावर नफा मिळवणारा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने दर उन्हाळ्यात उभा राहतो. पेटीवर ‘रत्नागिरी हापूस’ असे छापलेले असते, पेटी उघडली की वासही येतो. पण आतील फळ रत्नागिरीच्या कातळावर वाढले की सह्याद्रीपलीकडील बागेत, हे सांगणार कोण? मांसाच्या परीक्षेसाठी जगात जी रासायनिक पद्धत वापरात आली, तिचाच उपयोग आंब्यालाही होऊ शकतो. म्हणून आधी मांसाचा विचार करणे सोयीचे होईल.

मांसाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची गल्लत वारंवार होते. हे मांस कोणत्या प्राण्याचे आहे, हा पहिला प्रश्न. तो प्राणी कोठे वाढला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आता चांगल्यापैकी सोपे झाले आहे. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार पदार्थांची तपासणी केली, तेव्हा त्यांत घोड्याचे मांस मिसळलेले आढळले. एका नमुन्यात त्याचे प्रमाण २९ टक्के होते. त्या एका अहवालाने सारा युरोप हादरला. ही तपासणी डीएनएची, म्हणजे आनुवंशिक द्रव्याची होती. आपल्या देशातही हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या मांसविषयक संशोधन संस्थेत मांस कोणत्या प्राण्याचे हे या पद्धतीने ठरविले जाते.

परंतु दुसऱ्या प्रश्नापुढे डीएनए मुके होते. उस्मानाबादी जातीची शेळी धाराशिवच्या माळावर वाढली काय किंवा चिपळूणच्या एखाद्या वाडीत वाढली काय, तिचे आनुवंशिक द्रव्य बदलत नाही. जात जन्माने ठरते, मुक्काम जगण्याने ठरतो. आणि मुक्काम जाणून घेण्याची गरज केवळ जिज्ञासेपोटी नसते. लाळ-खुरकुतासारखा रोग एखाद्या भागात पसरला असेल तर आयात करणारा देश त्या भागातील मांस नाकारतो. मग ते दुसऱ्या भागाचे म्हणून खपविण्याचा मोह होतो. ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूच्या रोगाने १९९० नंतरच्या दशकात जो हाहाकार माजविला, त्यातून धडा घेऊन युरोपीय संघाने २००० साली गोमांसावर जनावराचा जन्म, संगोपन आणि कत्तल कोणत्या देशात झाली हे लिहिणे सक्तीचे केले. लिहिणे सक्तीचे झाले की लिहिलेले खरे आहे काय हे तपासणेही ओघानेच आले. कागद तर कोणालाही लिहिता येतो.

येथे रसायनशास्त्र पुढे येते. प्राण्याचे शरीर त्याने खाल्लेल्या चाऱ्याचे आणि प्यालेल्या पाण्याचे बनलेले असते. चारा मातीतून येतो, माती खडकातून येते, पाणी आकाशातून येते. या प्रत्येक टप्प्यावर त्या जागेची एक खूण पडते आणि ती मांसात उतरते. ही खूण म्हणजे त्या त्या मूलद्रव्याच्या जड आणि हलक्या अणूंचे परस्परांशी असलेले प्रमाण. निसर्गातील कार्बनच्या शंभर अणूंमध्ये एखादा अणू इतरांपेक्षा किंचित जड असतो. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक यांच्या बाबतीतही असेच आहे. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. समस्थानिक म्हटले की अणुभट्टीची आठवण होऊन काहींना भीती वाटते. ती अनाठायी आहे. येथे ज्यांचा विचार चालला आहे ते समस्थानिक स्थिर आहेत, त्यांतून कोणताही किरणोत्सर्ग होत नाही, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहेत.

प्रथम चारा घेऊ. वनस्पती हवेतील कार्बन दोन निरनिराळ्या मार्गांनी आत घेतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचा मार्ग एक. भात, गहू, कडधान्ये आणि जवळजवळ सर्व झाडेझुडपे यांचा दुसरा. पहिल्या गटात जड कार्बन अधिक शिल्लक राहतो, दुसऱ्यात कमी. शास्त्रज्ञ ठरावीक प्रमाणापासूनचा हा फरक दर हजारी मोजतात. पहिल्या गटाचा आकडा उणे १३ च्या आसपास, दुसऱ्याचा उणे २७ च्या आसपास येतो. दोहोंतील अंतर एवढे मोठे आहे की यंत्राची गफलत होण्याचे कारण नाही. देशावरचा ज्वारीचा कडबा खाऊन वाढलेली मेंढी आणि कोकणात आंजणी-करवंदीचा पाला ओरबाडून, घरी भाताचा पेंढा खाऊन वाढलेली कन्याळ शेळी यांच्या मांसातील कार्बन त्यामुळे एकसारखा असणार नाही. अमेरिकेत मक्यावर पोसलेल्या गुरांचे मांस आणि आयर्लंडच्या कुरणातील गुरांचे मांस याच खुणेने वेगळे ओळखता येते.

मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. थंड देशांतील गवत भाताच्या मार्गाने जाणारे असते. आपल्या डोंगरावरचे पावसाळी गवत बहुतांशी ज्वारीच्या मार्गाने जाणारे आहे. तेव्हा कोकणातील गाय डोंगरावर चरली तर तिच्या अंगात देशावरच्या गाईसारखाच कार्बन सापडू शकेल. एकट्या कार्बनवर विसंबणारा तपासनीस येथेच फसेल.

म्हणून पाण्याकडे वळावे लागते. समुद्राच्या वाफेचा ढग किनाऱ्यावर येतो, तेव्हा त्यातील जड पाणी आधी पावसाच्या रूपाने गळते. ढग आत सरकतो, डोंगर चढतो, तसतसे उरलेले पाणी हलके होत जाते. याचा अर्थ असा की किनाऱ्यावरच्या विहिरीचे पाणी आणि घाटमाथ्यापलीकडच्या विहिरीचे पाणी चवीला सारखे असले तरी अणूंच्या वजनाने सारखे असेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९६१ पासून जगभरातील पावसाचे नमुने गोळा करून अशी मोजणी करीत आली आहे. भारतातील पाण्याच्या अशा खुणा नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने सुरू झाला. तो पाण्याच्या अभ्यासासाठी होता, मांसासाठी नव्हे. परंतु एका कामासाठी तयार झालेला नकाशा दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरी खूण समुद्राची. समुद्राच्या पाण्यातील गंधकात जड अणूंचे प्रमाण जगभर एकसारखे आणि बरेच वरचे, दर हजारी अधिक २१ इतके आहे. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, ते मातीवर आणि पानांवर बसतात, गवतात जातात, गवतातून जनावरात जातात. किनाऱ्याजवळ चरणाऱ्या मेंढीच्या लोकरीत आणि मांसात ही खूण स्पष्ट आढळते. किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतशी ती पुसट होते. कोकणासारख्या अरुंद किनारपट्टीच्या दृष्टीने ही खूण विशेष मोलाची ठरावी.

चौथी खूण खडकाची, आणि ती स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूत असते. हा धातू कॅल्शियमचा सोबती. कॅल्शियम जेथे जाईल तेथे थोड्या प्रमाणात तोही जातो. त्याच्या दोन प्रकारच्या अणूंचे गुणोत्तर खडकाच्या वयावर आणि जातीवर अवलंबून असते. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे गुणोत्तर साधारणपणे ०.७०५ च्या आसपास असते. समुद्राचे ०.७०९ असते. कर्नाटकातील धारवाड परिसरातील आणि त्याच्या दक्षिणेकडील खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने असून त्यांच्यातील गुणोत्तर बहुधा ०.७१ च्या वर जाते. आकडे ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु या यंत्रांना दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या स्थानापर्यंतचा फरक कळतो.

तपासणीची रीत थोडक्यात सांगावयाची तर, मांसाचा तुकडा वाळवून, चरबी काढून, त्याची पूड केली जाते. त्यातील मिलिग्रॅमभर पूड जाळून तिचा वायू केला जातो आणि तो मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात सोडून जड व हलके अणू मोजले जातात. स्ट्रॉन्शियमसाठी आम्लात विरघळविण्याची निराळी प्रक्रिया आहे. ही यंत्रे महाग असतात, ती चालविणारे मोजके असतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती ठेवण्याचा विचार सध्या तरी व्यवहार्य नाही.

या साक्षीच्या मर्यादाही ऐकून घेतल्या पाहिजेत. रसायनशास्त्र जनावराने काय खाल्ले आणि काय प्याले हे सांगते. गावाचे नाव सांगत नाही. कुक्कुटपालनातील ब्रॉयलर कोंबडीचे उदाहरण घ्यावे. तिचे खाद्य मका आणि सोयाबीनचे, ते दूरच्या कारखान्यातून पोत्यांत येते. तिच्या मांसातील कार्बन त्या पोत्याची कहाणी सांगणार, लांजा-संगमेश्वरच्या शेडची नाही. तिच्या बाबतीत पाण्याची खूण तेवढी उपयोगी पडेल. दुसरी मर्यादा काळाची. घाटावरून आणलेला बोकड कोकणात तीन-चार महिने सांभाळून विकला, तर त्याच्या मांसात दोन्ही मुलखांची सरमिसळ आढळेल, कारण मांस हळूहळू नवे होत असते. शेपटीचा केस मात्र मुळापासून वाढतो. त्याचे तुकडे क्रमाने तपासले तर जनावराने मुक्काम केव्हा बदलला हेही दिसू शकते. पण केस खाटकाच्या दुकानापर्यंत पोहोचत नाहीत.

मासळीच्या बाबतीत गोष्ट आणखी रंजक आहे. माशाच्या कानात एक लहानसा खडा असतो. वर्षागणिक त्यावर थर चढत जातात आणि गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात मासा केव्हा गेला, हे त्या थरांतील स्ट्रॉन्शियमवरून कळते. तळ्यात खाद्य टाकून वाढविलेली कोळंबी आणि समुद्रात जाळ्यात सापडलेली कोळंबी यांचाही भेद कार्बन, नायट्रोजन व गंधक यांच्या मोजणीने करता येतो. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. हा विषय त्याच्या दारातलाच म्हणावयाचा.

आता हापूसकडे यावयास हरकत नाही.

हापूसची अडचण मांसाहूनही अवघड आहे, कारण येथे डीएनए पहिल्याच पायरीवर थांबते. हापूसचे झाड कोयीपासून नव्हे, कलमापासून होते. पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेल्या या जातीची फांदी कोकणातून धारवाडला गेली, तुमकूरला गेली, गुजरातेत वलसाडला गेली, अलीकडे आफ्रिकेतील मलावी देशातही गेली. तेथील फळे नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या घाऊक बाजारात येऊ लागली आहेत. जेथे जेथे कलम गेले तेथे तेथे वंश तोच राहिला. म्हणून ‘हा हापूस आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र ‘होय’ असेच मिळेल. विचारावयाचा प्रश्न ‘हा कोकणचा हापूस आहे काय’ असा आहे.

या प्रश्नाला कायद्याचे अधिष्ठान मिळालेले आहे. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा संसदेने १९९९ मध्ये केला आणि तो सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याखाली ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्याला ‘हापूस’ या नावाचे मानांकन मिळाले. त्यासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. मानांकित नावाचा खोटा वापर करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद कायद्यात आहे. तरतूद कडक आहे. पण शिक्षा देण्यापूर्वी खोटेपणा सिद्ध करावा लागतो, आणि एकाच जातीची दोन फळे न्यायालयाच्या मेजावर ठेवली तर त्यांतील कोणते कोठले हे अनुभवी बागायतदारही शपथेवर सांगू शकणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे न्यायाचे होईल. कर्नाटकातील शेतकरी हापूस पिकवितो यात त्याचा कसलाही अपराध नाही. त्याचे फळ त्याच्या नावाने विकले गेले तर तो सरळ व्यापार आहे. फसवणूक होते ती मधल्या वाटेवर. स्वस्तात घेतलेले फळ कोकणच्या पेटीत, कोकणच्या वर्तमानपत्राच्या कागदात आणि कोकणच्या भाताच्या पेंढ्यात भरले जाते तेव्हा ती होते. अशा व्यवहारात दोन्हीकडचे शेतकरी नाडले जातात. कोकणच्या बागायतदाराचा भाव पडतो आणि कर्नाटकच्या शेतकऱ्याला त्याच्या फळाचे नाव मिळत नाही.

मांसाच्या चार खुणा येथे लावून पाहाव्यात. कार्बनचा उपयोग नाही, कारण आंब्याचे झाड कोठेही असले तरी त्याचा मार्ग एकच. खडक मात्र वेगळा आहे. रत्नागिरीची बाग जांभ्याच्या कातळावर, आणि जांभा काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेला. तुमकूर-धारवाडची बाग अतिप्राचीन खडकाच्या मातीत. समुद्र वेगळा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक बागांतून समुद्र दिसतो, तुमकूर किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. पाऊसही वेगळा आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सर्व चार महिन्यांत कोसळतो. तेथे तो कितीतरी कमी, आणि त्यातील काही भाग परतीच्या वाऱ्यांबरोबर पूर्वेकडून येतो. म्हणजे स्ट्रॉन्शियम, गंधक आणि ऑक्सिजन या तिघांनी एकत्र साक्ष दिली, तर कोकण आणि दूरचा कर्नाटक यांतील भेद करता येण्यास शास्त्रीय आधार भरपूर आहे.

पण कातळाच्या बाबतीत एक खोच आहे. जांभा हा लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड होय. त्यातील कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम बव्हंशी वाहून गेलेले असतात. अशा मातीत झाडाला मिळणारे स्ट्रॉन्शियम काही अंशी पाषाणाचे, तर काही अंशी खाऱ्या वाऱ्याचे आणि पावसाचे असते. हवाई बेटांवरील जुन्या ज्वालामुखीच्या मातीत हाच प्रकार शास्त्रज्ञांना आढळला आहे. तेव्हा रत्नागिरीच्या आंब्याचा आकडा ०.७०५ येईल असे पुस्तकावरून ठरविता येणार नाही. तो प्रत्यक्ष बागेतले फळ मोजूनच ठरवावा लागेल. शिवाय बागेत घातलेल्या खतातूनही परकी स्ट्रॉन्शियम येते. बेळगावचा पश्चिम भाग तर आपल्यासारख्याच काळ्या पाषाणावर वसलेला आहे. तेथील फळाला खडकाची परीक्षा चुकवील, समुद्राची कदाचित चुकविणार नाही.

आणि रत्नागिरी की देवगड, हा जो वाद चवीने चघळला जातो, त्यात या पद्धतीने पडूच नये. खडक तोच, समुद्र तोच, पाऊसही जवळजवळ तोच. तेथे रसायनशास्त्राने मौन पाळलेले बरे.

सुगंधाची परीक्षा हा आणखी एक मार्ग आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधद्रव्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला असून कोकणातल्या कोकणात निरनिराळ्या ठिकाणच्या हापूसच्या गंधात फरक पडतो, असे २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. कच्च्या हापूसमध्ये ओसिमीनसारखी द्रव्ये प्रबळ असतात. फळ पिकत जाते तसतशी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गोडसर वासाची द्रव्ये नव्याने तयार होतात. नाकाला जे कळते त्याचे हे मोजमाप आहे. परंतु अढीत किती दिवस, कोणत्या उष्णतेत फळ पिकले यावर गंध बदलतो. पेट्रोलला जसा पाण्याचा, तसा गंधाच्या साक्षीला पिकवणीचा भेसळदोष लागतो. अणूंचे वजन अढीत फारसे बदलत नाही. म्हणून गंध ही पूरक साक्ष मानावी, मुख्य मानू नये.

तपासणीची पद्धत जाहीर झाली की लबाडीही सुधारते, हे मधाच्या इतिहासावरून दिसून येते. मधात ऊस किंवा मक्याची साखर मिसळली तर कार्बनच्या खुणेने ती पकडता येते. ही परीक्षा रूढ झाली, तेव्हा भेसळ करणारे भातापासून केलेल्या पाकाकडे वळले. भाताचा मार्ग फुलांच्या मधासारखाच असल्याने परीक्षा आंधळी झाली. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांचा मध जर्मनीतील प्रयोगशाळेत अधिक प्रगत पद्धतीने तपासून घेतला, आणि देशातील नेहमीच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेले अनेक नमुने तेथे नापास झाले. ती प्रगत पद्धत मुळात १९८० च्या दशकात फ्रान्समधील नांत येथे, द्राक्षारसात बीटची साखर मिसळली जाते ती पकडण्यासाठी, विकसित झालेल्या विद्येच्या कुळातली आहे.

द्राक्षारसाच्या बाबतीत युरोपाने आणखी एक गोष्ट केली आणि या सर्व विवेचनात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. १९९१ पासून त्यांनी प्रत्येक प्रदेशातील खात्रीच्या द्राक्षांचे नमुने दरवर्षी घेऊन त्यांच्या खुणांची नोंदवही ठेवली. दरवर्षी, कारण पाऊस दरवर्षी सारखा नसतो. संशयित बाटली आली की तिचा आकडा त्या सालच्या, त्या प्रदेशाच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. नोंदवही नसती तर यंत्राने काढलेला आकडा हा नुसता आकडाच राहिला असता. हाताचा ठसा घेतला तरी तो ज्याच्याशी जुळवावयाचा तो ठसा दप्तरात असावा लागतो.

कोकणच्या हापूसला अशी नोंदवही हवी. ती तयार करण्याचे काम प्रयोगशाळेत सुरू होत नाही, बागेत सुरू होते. तेथे कृषी सहायक, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांचा संबंध येतो. नमुना खात्रीचा असला पाहिजे, म्हणजे झाडावरून डोळ्यांदेखत उतरविलेला असला पाहिजे. बाजारातून आणलेल्या ‘खात्रीच्या’ फळावर नोंदवही उभारली तर लबाडीच प्रमाण होऊन बसेल. समुद्रालगतची बाग, खाडीकाठची बाग, सह्याद्रीच्या पायथ्याची बाग असे निरनिराळे नमुने हवेत. शेजारच्या कोल्हापूर, बेळगाव, धारवाड भागांतीलही हवेत. कारण आपण कोण हे सांगण्यासाठी शेजारी कोण हे ठाऊक असावे लागते. या नोंदवहीचा खर्च एखाद्या संस्थेला पेलणारा नाही. विद्यापीठ, शासन आणि उत्पादक संस्था यांनी मिळून तो करणे योग्य ठरेल.

तोपर्यंत स्वस्त उपाय थांबवून ठेवण्याचे कारण नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर बागेची नोंद असते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची छायाचित्रासह नोंद करतो. एका बागेत झाडे किती, त्यांचे साधारण उत्पन्न किती आणि त्या बागेच्या नावाने बाजारात पेट्या किती गेल्या, हा हिशेब करावयास शाळेतील त्रैराशिक पुरते. शंभर झाडांच्या मालकाच्या नावाने हजार झाडांची फळे विकली गेली असतील तर मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. देवगड तालुक्यातील उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पद्धत आणली, तिचाही पाया हाच हिशेब आहे: झाडांच्या प्रमाणात चिकटपट्ट्या. चिकटपट्टी आणि उतारा यांनी संशय हजार पेट्यांवरून दहा पेट्यांवर आणावा आणि त्या दहा पेट्यांसाठी प्रयोगशाळा वापरावी, असा क्रम खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. मांसालाही तोच क्रम लागू पडतो: आधी जनावराच्या कानातील बिल्ला आणि बाजाराची पावती, मग रसायन.

शिक्षकांना यात आणखी एक काम करण्याजोगे आहे. पावसाचे पाणी ज्या दिवशी पडले त्याच दिवशी घट्ट बुचाच्या लहान बाटलीत, हवा न राहील असे काठोकाठ भरून ठेवले, तर ते पुष्कळ दिवस तपासणीयोग्य राहते. एखाद्या किनाऱ्यावरच्या आणि एखाद्या घाटपायथ्याच्या माध्यमिक शाळेने जून ते सप्टेंबर असा साठा केला, तर पाण्याच्या खुणेचा स्थानिक नकाशा काढणाऱ्या कोणत्याही संस्थेला तो हवाच असेल.

फळाच्या नमुन्याबरोबर जी चिठ्ठी जावयाची तिच्यावर गाव, गट क्रमांक, झाडाचे अंदाजे वय, समुद्रापासूनचे अंतर, झाडाला पाणी दिले असल्यास ते कोणत्या विहिरीचे, त्या वर्षी घातलेली खते आणि फळ उतरविल्याची तारीख एवढे लिहिलेले असावे. एका झाडाची फळे दुसऱ्या झाडाच्या फळांत मिसळू नयेत. पिशवी बागेतच बंद करून तिच्यावर बागायतदाराची आणि ग्रामपंचायतीच्या एका सदस्याची सही घ्यावी, आणि तोच क्रमांक सदस्याच्या वहीतही उतरवून ठेवावा.